वाढते गाव आणि मोकळी जागा

नगररचना हा विषय मोठ्या शहरांचा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मुंबई, पुणे, फार तर नागपूर येथील लोकांनी त्याचा विचार करावा आणि तिवशासारख्या तालुक्याच्या गावाने पाणी, रस्ता व नाली एवढ्यावर समाधान मानावे, असे आपण गृहीत धरतो. माझे मत नेमके याच्या उलट आहे. शहर एकदा भरून गेले की त्यात बागेसाठी किंवा मैदानासाठी जागा काढणे जवळजवळ अशक्य होते. जागा राखावयाची असेल तर ती गाव लहान असतानाच राखावी लागते. म्हणून उद्यानांचे व मोकळ्या जागांचे नियोजन हा प्रश्न आज अमरावतीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तिवशाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची पार्श्वभूमी, त्यासंबंधीचा कायदा, त्यामागील साधा हिशेब आणि आपल्या हाती असलेले उपाय यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

आरंभी एक खुलासा करणे अवश्य आहे. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. जिच्यावर बांधकाम नाही, पण जिचा उपयोग ठरलेला आहे व जी सर्वांची आहे, ती मोकळी जागा. फुलझाडांची बाग, खेळाचे मैदान, आठवडी बाजाराची जागा, नदीकाठचा पट्टा, तलावाचा परिसर, स्मशानभूमी, जुन्या वडाभोवतीचा पार या सर्वांचा तिच्यात समावेश होतो. बाग हा तिचा केवळ एक प्रकार आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सोपे जाईल.

जुन्या गावाची व्यवस्था

आपल्या पूर्वजांना नगररचनेचे शास्त्र ठाऊक नसेल, परंतु मोकळ्या जागेची व्यवस्था त्यांना चांगली ठाऊक होती. वऱ्हाडातील कोणतेही जुने गाव घ्या. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन आणि काळी म्हणजे शेतीची जमीन, असा मूळ भेद त्यात असे. पांढरीच्या कडेला आखर असे. सकाळी गावची गुरे तेथे गोळा होत आणि मग गुराखी ती रानात नेत. मारुतीच्या देवळापुढे पटांगण व पार असे. तेथे पंचायत भरे, कीर्तन होई, दुपारी म्हातारी माणसे बसत आणि संध्याकाळी मुले खेळत. गावाबाहेर गायरान असे. वऱ्हाडातील महसुली दप्तरात या जमिनीला ई-क्लास म्हणतात, आणि आजही आपल्याकडचा शेतकरी गायरान या शब्दापेक्षा ‘ईकलास’ हाच शब्द अधिक सहजपणे उच्चारतो.

या सर्व जागांचे एक वैशिष्ट्य होते. त्यांना कोणी बाग म्हणत नसे, पण त्यांचे राखण होत असे. कारण प्रत्येक जागेमागे एक गरज होती. आखर नसेल तर गुरे कोठे उभी करणार? गायरान नसेल तर ती काय खाणार? गरज हाच पहारेकरी होता. पुढे गुरे कमी झाली, ट्रॅक्टर आले, गावचा गुराखी हा माणूसच नाहीसा झाला. गरज संपली, तसा पहाराही उठला. मग आखरावर कोणी कडब्याची गंजी रचली, कोणी गोठा बांधला, आणि हळूहळू ती जागा कोणाची तरी झाली. ई-क्लासचेही तेच झाले. हा प्रकार एवढा देशव्यापी होता की २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधील एका गावाच्या तळ्याच्या खटल्यात, गावांच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यासाठी योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. त्याच वर्षी १२ जुलै रोजी महाराष्ट्र शासनानेही गायरानाच्या वाटपावर निर्बंध घालणारा निर्णय काढला.

यातून एक तत्त्व हाती येते. मोकळ्या जागेचा जुना उपयोग संपला, तर तिला लवकरात लवकर नवा उपयोग मिळाला पाहिजे. तो मिळाला नाही, तर ती जागा टिकत नाही.

अमरावतीचा धडा

या तत्त्वाची उत्तम उदाहरणे आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच आहेत. अमरावती हे कापसाच्या व्यापाराने वाढलेले शहर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या भीतीने व्यापारी पेठेभोवती परकोट बांधण्यात आला. जवाहरगेट, नागपुरी गेट, अंबागेट ही नावे आपण एस.टी.तून उतरल्यावर रोज घेतो, ती या परकोटाचीच होत. परकोटाच्या आतील वस्ती दाट होती. संरक्षणासाठी बांधलेल्या गावात जागा नेहमीच अपुरी असते. इंग्रजी अमलात परकोटाबाहेर कॅम्प उभा राहिला. तेथे बंगले, रुंद रस्ते आणि विस्तीर्ण आवारे आली. आज अमरावतीत जी हिरवाई दिसते, तिच्यातील पुष्कळशी या कॅम्पच्या बाजूची आहे. एकाच शहरात दाट गाव व विरळ गाव अशी दोन गावे शेजारी शेजारी नांदू लागली, आणि मोकळी जागा ही सर्वांची सोय न राहता विशिष्ट वस्तीची श्रीमंती झाली.

आता वडाळी व छत्री या दोन तलावांकडे पाहा. हे दोन्ही तलाव एकोणिसाव्या शतकात शहराच्या पाण्यासाठी झाले. कोणीही ते सहलीसाठी खोदले नव्हते. पुढे शहर वाढले, त्यांचे पाणी पुरेनासे झाले आणि ऊर्ध्व वर्धा धरण झाल्यावर शहराला पाणी दुरून सिंभोऱ्याहून येऊ लागले. पाणीपुरवठ्याचा जुना उपयोग मागे पडला. परंतु येथे आखरासारखा प्रकार झाला नाही. वडाळीला बाग झाली, छत्री तलावावर लोक फिरावयास जाऊ लागले. जुना उपयोग गेला, नवा आला, म्हणून जागा राहिली. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून ही संस्था वाढली आणि तिच्या विस्तीर्ण क्रीडांगणांनी शहराला कायमची मोकळी जागा दिली. तेथे बाग करण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. मुलांनी व्यायाम करावा एवढाच हेतू होता. पण उपयोग नित्याचा असल्यामुळे मैदान सुरक्षित राहिले.

उलट शहरांतून वाहणारे नाले पाहा. अमरावतीचा अंबा नाला काय किंवा अकोल्याची मोर्णा नदी काय, ज्या काठांवर सावलीचे रस्ते व्हावयाचे, ते काठ घाणीचे झाले. पाण्याकडे पाठ करून आपण घरे बांधली. आपल्या तिवशाच्या पिंगळाईकडेही आपण पाठ केली, तर वेगळे काही घडणार नाही.

बागेची कल्पना कोठून आली

सार्वजनिक बाग ही कल्पना आधुनिक आहे. राजांच्या बागा पूर्वीही होत्या. नागपूरचा महाराजबाग भोसल्यांचा होता, हे नावच सांगते. परंतु सर्वसामान्य नागरिकाचा हक्क म्हणून बाग ही एकोणिसाव्या शतकातील कारखानदारीने निर्माण केलेली गरज होय. धुराने व गर्दीने कोंदलेल्या शहरांत माणसे आजारी पडू लागली, तेव्हा उद्यानाकडे शहराचे फुफ्फुस म्हणून पाहिले जाऊ लागले. १८९८ साली इंग्लंडात एबनेझर हॉवर्ड याने उद्याननगरीची कल्पना मांडली. शहराची वाढ ठरावीक मर्यादेपर्यंतच होऊ द्यावी, भोवती शेतीचा हिरवा पट्टा कायम ठेवावा आणि जास्तीची वस्ती दुसऱ्या नव्या नगरीत वसवावी, असा त्याचा विचार होता.

त्याच सुमारास आपल्याकडे वेगळ्याच मार्गाने हा विषय पुढे आला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. हवा व उजेड नसलेल्या चाळींत माणसे मृत्युमुखी पडली. १८९८ मध्ये मुंबईत सुधार विश्वस्त मंडळाची स्थापना झाली. त्याने शहराच्या उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती आखल्या. तेथील पाच बागा हा या आखणीचा भाग होता. पुढे १९२५ साली दादरचे शिवाजी पार्क लोकांसाठी खुले झाले. प्लेगच्या भीतीतून मिळालेल्या या मोकळेपणात पुढे क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडल्या आणि राजकीय सभा गाजल्या. आपल्या विदर्भात १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, तोही याच परंपरेतला.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे पॅट्रिक गेडिस हे नाव लक्षात ठेवावे. हा स्कॉटिश विचारवंत १९१४ मध्ये भारतात आला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. डॉ. गो. स. घुर्ये हे त्याचे विद्यार्थी. गेडिसने भारतातील अनेक गावे पायी हिंडून पाहिली. त्याचे सांगणे असे की, आधी पाहणी करा, निदान करा आणि मगच उपचार करा. जुन्या गावातून सरळ रेषेत रुंद रस्ता काढण्यासाठी शेकडो घरे पाडण्यास त्याचा विरोध होता. मोजकी पडकी घरे काढून तेथे लहान चौक करावा, एखादे झाड लावावे, विहीर स्वच्छ करावी. कमीत कमी छेद घेऊन गाव सुधारावे, अशी त्याची पद्धत होती. पैसा थोडा व माणुसकी अधिक अशी ही पद्धत लहान गावांना आजही लागू पडते. आपल्या शेजारी मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ग्रामनिर्माणाचा सविस्तर विचार केला आहे. गावाची रचना हा गावकऱ्यांच्या शीलाचा व आरोग्याचा प्रश्न आहे, ही दृष्टी या दोघांत समान आहे, असे मला वाटते.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेला विकास योजना तयार करावी लागते. तिचे टप्पे असे आहेत. प्रथम योजना करण्याचा इरादा जाहीर होतो. नंतर कलम २५ प्रमाणे प्रत्यक्ष पाहणी होऊन कोणती जमीन आज कशासाठी वापरली जाते, याचा नकाशा बनतो. मग प्रारूप योजना तयार होते व कलम २६ प्रमाणे ती प्रसिद्ध होते. त्यानंतर ३० दिवसांच्या आत कोणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना देता येते. सुनावणी होते, फेरबदल होतात आणि अखेर शासन मंजुरी देते. या योजनेच्या नकाशावर बाग, मैदान, शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी जागा रंगवून दाखविलेल्या असतात. त्यांनाच आपण आरक्षणे म्हणतो. साधारण वीस वर्षांनी योजना पुन्हा तपासावयाची असते.

दुसरी व्यवस्था ले-आउटची. शेतजमिनीचे प्लॉट पाडताना जमीन ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून अधिक असेल, तर तिचा दहा टक्के भाग खुला ठेवावा लागतो. २०२० च्या डिसेंबरात राज्यभर लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतही हे प्रमाण कायम आहे. यालाच आपण ‘ओपन स्पेस’ म्हणतो. तिसरी गोष्ट घटनेची. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १९९३ साली अमलात आली, नागरी संस्थांच्या कामांच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख केला. तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या ग्रामपंचायती गेल्या दशकात नगरपंचायती झाल्या, त्यांत तिवसाही आहे. म्हणजे आता हा भार आपल्या गावावर आला आहे.

थोडा हिशेब

हिशेबावाचून नियोजन म्हणजे केवळ इच्छा. म्हणून आपण एक उदाहरण सोडवू. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नागरी भागात दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. समजा, एका गावाची लोकसंख्या पुढील वीस वर्षांत २०,००० होणार आहे. दरडोई १० चौरस मीटर धरले तर २,००,००० चौरस मीटर म्हणजे २० हेक्टर, आपल्या भाषेत जवळजवळ ५० एकर जागा लागेल. आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. नदीचा काठ, शाळांची मैदाने, बाजाराची जागा, तलाव आणि उरलेले ई-क्लास यांतून त्यातील बराच भाग मिळू शकतो. परंतु या जागा आधी नकाशावर आल्या पाहिजेत.

आता ले-आउटमधून किती जागा मिळते ते पाहू. चार एकरांचे म्हणजे सुमारे १६,००० चौरस मीटरांचे ले-आउट घ्या. दहा टक्के खुली जागा १,६०० चौरस मीटर. रस्त्यांना ४,४०० धरले तर प्लॉटांना १०,००० उरतात. दीडशे चौरस मीटरांचा एक याप्रमाणे ६६ प्लॉट झाले. दर घरी पाच माणसे धरली तर ३३० माणसे. १,६०० ला ३३० ने भागा. दरडोई पावणेपाच ते पाच चौरस मीटर जागा येते. म्हणजे नियम तंतोतंत पाळला तरी निम्मीच गरज भागते. पुढे त्याच प्लॉटांवर तीन मजले चढले व तीन कुटुंबे राहू लागली, तर माणसे ९९० होतात आणि दरडोई जागा दीड चौरस मीटरांच्या घरात येते. घराला मजले चढतात, मैदानाला मजले चढत नाहीत.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट या हिशेबात दडलेली आहे. चारशे मीटरच्या धावपट्टीला सुमारे १७७ मीटर लांब व ९३ मीटर रुंद, म्हणजे १६,००० चौरस मीटरांहून थोडी अधिक जागा लागते. दहा ले-आउटांच्या खुल्या जागांची बेरीज केली तर तीही १६,००० भरते. कागदावर बेरीज जुळते, पण दहा ठिकाणी विखुरलेल्या दहा तुकड्यांचे एक मैदान होत नाही. ले-आउटच्या खुल्या जागेत घसरगुंडी, बाके व चार झाडे बसतील. मोठे मैदान विकास योजनेतच राखावे लागेल.

हा मुद्दा मला केवळ पुस्तकी वाटत नाही. आमच्या महाविद्यालयातील कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. त्या चाचणीत मुलांना १,६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ज्या गावात मैदान नाही, तेथील मुले पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावतात. आपला रस्ता म्हणजे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा ५३. त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. मी पहाटेच्या एस.टी.ने येताना गाडीच्या उजेडात अंगाला चाटून जाणारी ही मुले पाहिली आहेत. मुली तर घरच्यांनी सोबत कोणी दिले तरच धावू शकतात. शेतमजुराच्या मुलीच्या नोकरीचा प्रश्न चार एकर मोकळ्या जागेशी असा जोडलेला आहे. मैदानाला चैन समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आरक्षणाचे दुखणे

जागा नकाशावर आली म्हणजे ती मिळाली असे होत नाही. येथे दुसऱ्या बाजूचाही न्यायाने विचार केला पाहिजे. समजा, एका शेतकऱ्याचे दोन एकर शेत गावाला लागून आहे. शेजाऱ्याच्या शेतावर प्लॉट पडले, त्याला पैसा मिळाला. याच्या शेतावर मात्र बागेचे आरक्षण पडले. तो बांधू शकत नाही, विकावयास गेला तर गिऱ्हाईक येत नाही आणि नगरपंचायत पैसे देत नाही. गावाला बाग हवी, पण तिची किंमत एका माणसाने मोजावी, हा न्याय नव्हे. म्हणूनच कायद्याच्या कलम १२७ मध्ये तरतूद आहे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत जागा संपादन करण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, पुढे बारा महिन्यांची झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती चोवीस महिन्यांची झाली.

मोठ्या शहरांत यावर एक तोड निघाली आहे. मालकाला रोख पैशांऐवजी विकासाचा हस्तांतरणीय हक्क देतात. हा हक्क तो दुसऱ्या बांधकाम करणाऱ्याला विकतो. परंतु हा हक्क विकत घेणारा असेल तरच त्याला किंमत. जेथे उंच इमारती उठतात, तेथे त्याला मागणी असते. तिवशात तो घेणार कोण? आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्याची रक्कम बरीच वाढली आहे. ती लहान नगरपंचायतीच्या तिजोरीला पेलणारी नाही. म्हणून मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतील आरक्षणे अधिक दुबळी असतात, असे माझे अनुमान आहे.

यावर मला सर्वांत न्याय्य वाटणारा उपाय म्हणजे नगररचना योजना. हा उपाय नवा नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून तो आपल्याकडे आहे आणि १९६६ च्या कायद्यातही आहे. गुजरातने त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. त्याचे तत्त्व सोपे आहे. एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र करावयाच्या. त्यांतून रस्ते, मैदान, बाग, शाळा यांसाठी लागणारा भाग सर्वांकडून समान प्रमाणात काढावयाचा आणि उरलेली जमीन नव्याने आखून प्रत्येकाला परत द्यावयाची. प्रत्येकाचे क्षेत्र घटते, पण रस्त्यालगतची, सुबक आकाराची जमीन हाती येते व तिचे मोल वाढते. कोणा एकाचे शेत बुडत नाही. पंगतीचा खर्च साऱ्या गावाने वाटून घ्यावा, तसाच हा प्रकार.

राखलेली जागा कशी राहील

खुली जागा मिळाल्यावर तिच्यावर चाल करून येतात ती बहुधा चांगलीच कामे. कोणी देऊळ बांधतो, कोणी समाजभवन मागतो, कोणी म्हणतो पाण्याची टाकी येथेच सोयीची. प्रत्येक काम उपयोगाचे असते, म्हणून विरोध करणे कठीण जाते. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली एक जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच राहील असा निर्णय दिला. रुग्णालयाची उपयुक्तता कोणीच नाकारत नव्हते. परंतु उद्यानाचीही लोकांना गरज आहे, आणि एका गरजेची जागा दुसरीसाठी सहज काढून घेता येत नाही, हा त्या निकालाचा बोध आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे परवानगीवाचून गुंठ्यांनी जमीन विकणे. त्यात खुली जागा जन्मालाच येत नाही. २००१ साली शासनाला अशा वस्त्या नियमित करण्यासाठी गुंठेवारी कायदा करावा लागला. घरे नियमित झाली, पण जे मैदान कधी सोडलेच नव्हते ते नियमित कसे होणार? प्लॉट घेणाऱ्याने दर विचारण्यापूर्वी मंजूर नकाशा मागावा आणि त्यावर खुली जागा कोठे आहे ते पाहावे.

बाग कशी असावी, याबाबत आपण पुण्या-मुंबईचे अनुकरण करतो. हिरवळ, कारंजे व रंगीत दिवे झाले की उद्घाटन होते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अकोल्याच्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीतील पाणीच खारे. तेथे हिरवळीला गोडे पाणी आणावे कोठून? आपल्या हवेला हिरवळीपेक्षा सावली मोलाची. कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ ही झाडे पहिली तीन-चार वर्षे जगविली की पुढे स्वतःच्या बळावर उभी राहतात. पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यासही अशी जागा उपयोगी पडते. तिला ठेंगणी भिंत असावी, म्हणजे आतले बाहेरून दिसते. दिवे, पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. या तीन गोष्टी नसतील तर संध्याकाळी सातनंतर मैदान केवळ पुरुषांचे होते आणि गावातील निम्मे नागरिक हक्काला मुकतात.

आपण काय करू शकतो

विद्यार्थ्यांनी या कामात भाग घ्यावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. त्याला पैसा लागत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी गावनकाशा मिळवून त्यावर गावातील प्रत्येक मोकळी जागा दाखवावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे क्षेत्रफळ काढावे व वर केला तसा दरडोई हिशेब करावा. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सातबारा पाहून मालकी कोणाची, ते नोंदवावे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सकाळी, दुपारी व संध्याकाळी जाऊन तेथे कोण येते, कोण येत नाही आणि का येत नाही, ते विचारावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी जुन्या माणसांकडून आखराची, पारांची, पाणवठ्यांची नावे लिहून घ्यावीत. कारण नाव विसरले की जागेवरचा हक्कही विसरला जातो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात एवढे काम सहज होईल.

असा नकाशा तयार असला म्हणजे त्याचा खरा उपयोग विकास योजनेच्या वेळी होतो. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत ज्यांच्या जमिनी जातात ते हरकती घेतात, वकील लावतात, तालुक्याला व जिल्ह्याला खेपा घालतात. त्यांचे तसे करणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांना ते मैदान मिळावयाचे असते, ती मुले, त्या स्त्रिया व ते वृद्ध त्या सुनावणीला कधीच हजर नसतात. त्यांच्या वतीने कोणी तरी कागद घेऊन उभे राहिले पाहिजे. गावात महाविद्यालय असल्यावर हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपविण्याचे कारण मला दिसत नाही. पाहणी करून, आकडे मांडून दिलेली सूचना अधिकाऱ्यांना सहजासहजी बाजूला टाकता येत नाही, आणि टाकली तरी तिची नोंद पुढच्या पिढीसाठी दप्तरात राहते.

पिंगळाईचा काठ अजून पूर्ण बुजलेला नाही. महामार्गाच्या दोन्ही अंगांना अजून शेते आहेत. अमरावतीला जे आता साधणार नाही, ते तिवशाला अजून काही वर्षे साधण्यासारखे आहे. येत्या हिवाळी शिबिरात गावाचा नकाशा हाती घ्यावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने माझी विद्यार्थ्यांना सूचना आहे.